कोणी काय खाऊ घातलं

आमच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. नमस्कार नाही, बसा नाही. माणूस कुत्रं नाहीतर मांजर छातीशी धरून पायरी चढला की ते खुर्चीतूनच विचारायचे, "शी आणली?"

नवीन माणूस गोंधळायचा. बायका पदर तोंडाला लावायच्या. कोणी म्हणायचं, डॉक्टर, त्याला ताप आहे, पोटाचं काही नाही. डॉक्टर म्हणायचे, "ते मी ठरवतो. आधी शी." मग तो माणूस आल्या पावली घरी. एकदा एक वकीलसाहेब स्टीलच्या डब्यात घेऊन आले. डब्यावर त्यांच्या पोराचं नाव कोरलेलं. डॉक्टरांनी झाकण उघडलं, काडीनं हलवून पाहिलं, वास घेतला, जंताचं औषध लिहून दिलं आणि डबा परत करताना शांतपणे म्हणाले, "पोराले उद्यापासून दुसरा डबा द्या जी."

मी त्यांना आमचे डॉक्टर म्हणते, पण ते नात्यानं माझे कोणी नव्हते. पुसदला माझं मेडिकल स्टोअर आहे. पाटीवर माझ्या नावापुढे बी. फार्म. लिहिलंय आणि ते नावाच्याच मापाच्या अक्षरांत लिहून घेतलंय, कारण आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आईबाप कापूस वेचून थकले तेव्हा ती अक्षरं आली; लहान कशाला काढायची? तर माझ्या दुकानाला लागून डॉक्टरांचा दवाखाना. मधली भिंत एक विटेची. तिकडचं बोलणं मला न ऐकता ऐकू यायचं. सरकारी नोकरीत त्यांनी पांढरकवड्याकडे आणि उमरखेडकडे गाई-बैलांत आयुष्य घालवलं. निवृत्त झाल्यावर पुसदला घरगुती कुत्र्या-मांजरांचा दवाखाना टाकला. आता ते लेकीकडे अमरावतीला असतात आणि त्या जागेत मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिकडून दिवसभर गाणी ऐकू येतात. त्यात काही कळण्यासारखं नसतं.

दवाखाना टाकला त्या आठवड्यात ते माझ्या काउंटरवर आले. चेहरा असा, की घरी कोणीतरी सीरियस आहे.

"मांजरीले ताप आहे. पॅरासिटामॉल द्या."

मी म्हटलं, "नाही देत."

"काहून?"

"मांजर मरते त्यानं."

ते आले तसे गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडे यायला लागल्या. म्हणजे माझी परीक्षा घेतली होती. मला राग आला होता, अजून थोडा आहे. पण तेव्हापासून ते मला नावानं नाही, "ओ बी. फार्म." अशी हाक मारायचे. गावातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला त्यांनी त्याच्या शिक्षणानं हाक मारलेली मी ऐकली नाही.

त्यांचं एक म्हणणं होतं. जनावर खोटं बोलत नाही, मालक बोलतो. मुद्दाम नाही बोलत, प्रेमानं बोलतो. "साहेब, आमचा टॉमी फक्त दोन टाइम जेवतो," असं कोणी म्हटलं, की डॉक्टर घरातल्या माणसांना एकेक करून आत बोलावायचे. बाकीचे बाहेर बाकावर. बाप म्हणायचा, मी सकाळी फिरून आल्यावर एक बिस्किट देतो, बायकोला सांगू नका. बायको म्हणायची, पोळ्या लाटताना तो असा पाहत राहतो, एखादी देते, सासूबाईंना सांगू नका. सासूबाई साईचं सांगायच्या. शेवटी शाळकरी पोरगी यायची आणि टिफिनातला उरलेला पराठा कबूल करायची. मग डॉक्टर सगळ्यांना एकत्र बोलवायचे, टॉमीला वजनकाट्यावर चढवायचे आणि म्हणायचे, "हा आता चालते कसा हाच माझा प्रश्न आहे."

वास घेणं हे त्यांचं दुसरं खूळ. कुत्र्याच्या कानाचा, तोंडाचा, पंजाच्या बेचक्यांचा. मालकाच्या बोटांचाही. "हात दाखवा," म्हणायचे, आणि माणूस भविष्य सांगतील म्हणून तळहात पुढे करायचा. डॉक्टर हुंगून म्हणायचे, "कांदाभजे. त्यालेही देले ना? कांदा नाही चालत त्याले. रक्त खराब होते." माझ्या दुकानातून मी हे ऐकायची आणि माझंही बोट नकळत नाकाशी जायचं.

एका घरी मांजर पाळलेली होती आणि घर असं सोवळं, की अंड्याचं नावही निघायचं नाही. तिला वरणभात. ती अंधारात भिंतीला धडकायला लागली तेव्हा घेऊन आले. डॉक्टर म्हणाले, हिला मांस-मासळी लागेल, नाहीतर डोळे जातील, हृदयही जाईल. घरचे आजोबा चिडले. म्हणाले, आमच्या घरी राहायचं तर आमच्यासारखं राहावं लागेल. डॉक्टरांनी मांजरीचा जबडा हलकेच उघडून आजोबांना आतले सुळे दाखवले. "हे वरण चावायले देले का देवानं?" पुढे असं ठरलं, की मांजरीची वाटी शेजाऱ्यांच्या आवारात ठेवायची आणि आजोबांनी त्या बाजूची खिडकी बंद ठेवायची. खिडकी ठरल्या वेळेला लागायची, म्हणजे आजोबांचं लक्ष असायचं.

पितृपक्ष हा त्यांचा सीझन. सीझन त्यांचा आणि माझाही. सलाईनच्या बाटल्या मी आधीच मागवून ठेवायची. आपल्याकडे पान कावळ्याला, गाईला, कुत्र्याला. गल्लीत पाळलेलं कुत्रं एखादंच, आणि पितर घरोघरी. मग त्या एकाच कुत्र्याला सगळ्या आळीचे उडदाचे वडे, खीर, भजी. पोट फुगून, ओकून ओकून ते अर्धमेलं यायचं. डॉक्टर सुई टोचत मालकाला म्हणायचे, "तुमचे पितर जेवून गेले. हा आता त्यांच्या मागे निघाला होता." खिरीत किसमिस घातली का, हे ते पोलिसासारखं विचारायचे. किसमिस कुत्र्याच्या किडनीला वाईट. एवढं त्यांनी एवढ्या जणांना ओरडून सांगितलं, की पुसदच्या आमच्या भागात खीर बिनकिसमिसची होते.

आणि तो हस्कीवाला. बर्फातलं कुत्रं यवतमाळ जिल्ह्यात आणलं, ते उन्हाळ्यात जीभ काढून पडून राहिलं. तो पोरगा म्हणाला, "डॉक्टर, आळशी आहे हो. दुपारी फिरवायला नेतो तर चालतच नाही." डॉक्टरांनी आतून एक घोंगडी आणली, त्याच्या खांद्यावर टाकली, चपला काढायला लावल्या आणि म्हणाले, चला, चौकापर्यंत. पोरगा पानठेल्यापर्यंत गेला आणि नाचत नाचत सावलीत आला. डॉक्टरही अनवाणीच होते. त्यांचे पाय पोळले, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. माझ्याकडून मलम घेतलं तेव्हा मला कळलं.

इतकं असून त्यांच्या स्वतःच्या घरी काहीच पाळलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाळलं की मीही खोटं बोलेन."

हे सगळं गमतीचं. पण डॉक्टर म्हटलं की मला आठवते ती भुऱ्याची गोष्ट, कारण त्या दिवशी त्यांच्या खरं बोलण्याचीच परीक्षा होती.

भुऱ्या म्हणजे माझ्या माहेरच्या गावचं, आमच्या शेजारच्या काकांचं कुत्रं. भुऱ्या रंगाचं, गावठी, म्हातारं. काका वावरात जायचे तर हे मागे, काका ओसरीवर बाजेवर पडले तर हे खाली. तुरीचे दिवस होते तेव्हा काका अचानक गेले. घरी काकी एकटी राहिली. दोन्ही मुलं बाहेर, मोठा पुण्याला आणि धाकटा नागपूरला. दोघंही माझ्या आगेमागे शिकलेले.

दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण तेरवीच्या दिवशी भुऱ्यापुढे पान वाढलं तर त्यानं हुंगून तोंड फिरवलं. पुरी घेतली नाही, वडा घेतला नाही. आदल्या दिवशीही कोणी त्याला खाताना पाहिलं नव्हतं. गावातला एक म्हातारा बोलून गेला, "कावळ्याचं काय, तो बाहेरचा. हा घरचा होय. याले आतली गोष्ट ठाऊक आहे. काकाची काही इच्छा राह्यली."

झालं. कावळा शिवत नाही तेव्हा पिंडापुढे जसं बोलतात, तसे दोघं भाऊ कुत्र्यापुढे हात जोडून उभे राहिले. मी होते तिथे. मोठा म्हणाला, "बाबा, वरच्या वावरात बोअर मारून घेतो." भुऱ्या पडून राहिला. मोठा म्हणाला, "मारुतीच्या देवळाला फरशी बसवतो." भुऱ्यानं डोळे मिटले. मग धाकटा पुढे झाला. "बाबा, मायले आम्ही इथून हलवत नाही. ती इथंच राहीन."

काकी तेवढ्यात आतून खिरीची वाटी घेऊन आली होती. भुऱ्यापुढे ठेवली. भुऱ्या उठला आणि त्यानं वाटी चाटून पुसून स्वच्छ केली.

ओसरीवरच्या बायका रडायला लागल्या. मोठा तेवढा रडला नाही. त्यानं आईसाठी पुण्याच्या घरात खोली रिकामी करून ठेवली होती, गावचं घर शाळेतल्या एका मास्तरांना भाड्यानं द्यायचं बोलून ठेवलं होतं. तो वाईट माणूस नाही, हे मी इथे लिहून ठेवते. काकीला बीपी आहे, घराला लागून दवाखाना नाही, एकटी बाई पडली-झडली तर कोण पाहणार, ही त्याची काळजी खोटी नव्हती. फक्त काकीला काय पाहिजे, हे त्यानं भुऱ्याला विचारलं होतं, काकीला नाही.

चार-पाच दिवसांनी त्याचा मला फोन आला.

"अगं, तुझ्या दुकानाशेजारी ते जनावरांचे डॉक्टर आहेत ना? कुत्रं दुःखानं जेवण सोडतं, असं शास्त्रात आहे का गं?"

"काहून?"

"भुऱ्यानं ती खीर खाल्ली, त्यानंतर पुन्हा काही नाही. समोर ठेवलं की हुंगतो आणि जातो. आजार निघाला, तर तो शब्द बाबांपर्यंत पोचलाच नाही ना. मग आईला नेता येईल."

एवढं सरळ बोलला, म्हणून मला त्याचा राग येईना. मी म्हटलं, "डॉक्टर खरं तेच सांगतात. चालेल का?"

"तेच पाहिजे मला," तो म्हणाला.

दुपारी दुकान बंद करून मी डॉक्टरांच्या स्कूटरवर मागे बसून गावी गेले. घरी जाऊन पाहायचं म्हटलं की त्यांची एक तऱ्हा होती. ते जनावराकडे जायचेच नाहीत. त्याच्याकडे पाठ करून खाली बसायचे आणि गप्प राहायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टरांना काही येत नाही. त्या दिवशीही ते अंगणात भुऱ्याकडे पाठ करून मांडी घालून बसले. पाण्याचा तांब्या आला, तो बाजूला ठेवला. मोठा घड्याळ पाहू लागला. धाकटा मला हळूच म्हणाला, "हे काय करून राह्यले जी?" मी म्हटलं, "पाह्य रे." बऱ्याच वेळानं भुऱ्या उठला, डॉक्टरांच्या मानेचा वास घेतला आणि त्यांच्या पाठीला टेकून बसला. मग डॉक्टर बोलले. अर्थात पहिलं वाक्य तेच.

"शी कुठं करते हा?"

धाकट्यानं गोठ्यामागे नेलं. डॉक्टरांनी कपाशीच्या पऱ्हाटीची एक काडी तोडली आणि उकिडवे बसले. खूप वेळ पाहिलं. मग काडी टाकून विचारलं, "किती दिवस जेवला नाही म्हणता?"

"आठवडा तरी झाला," मोठा म्हणाला. "ती खीर सोडली तर."

"मग हे कोण करून गेलं?"

मोठा गडबडला. "गावात कुत्री फिरतात, डॉक्टर."

डॉक्टर परत आले. भुऱ्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, जशी बाई पोतं भरलं का पाहते तसा. हनुवटीखालचे केस बोटांत धरले, हुंगले. मग पट्टीनं अलगद तोंड बांधून त्याचा गाल वर उचलला. मीही वाकून पाहिलं. वरची मागची मोठी दाढ चिरलेली, हिरडी काळी, आणि डोळ्याखाली छोटी गाठ आलेली. घाण वास आला.

"दाढ सडली आहे. पू वर चढला. कडक काही चावलं की डोळ्यापर्यंत ठणका जात असन. याले पुरी काय, पोळीही चावत नाही."

मोठा लगेच म्हणाला, "म्हणजे दात. म्हणजे बाबांचं काही नव्हतं."

स्वयंपाकघराच्या दारात काकी उभी होती. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. धाकट्यानं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता बॅग भरायची.

डॉक्टर हात धुऊन उठले आणि म्हणाले, "बाई, चहा टाकता का थोडा?"

मी चमकले. हा माणूस कोणाच्या घरी चहा घेत नसे. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि मला म्हणाले, "ओ बी. फार्म., तुम्हीही या." काकीनं गॅस पेटवला. डॉक्टर उंबऱ्यावरच बसले आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोणी काय खाऊ घातलं?"

काकी चहाच्या भांड्याकडे पाहत राहिली.

"त्याच्या हनुवटीले दूध वाळून आहे. गूळ पण आहे. अन्‌ शी रोज जेवणाऱ्या कुत्र्याची आहे."

"मीच देते," काकी म्हणाली. "पहाटे गोठ्यात. दुधात पोळी कुस्करून. पोरं उठायच्या आधी."

"दाढेचं माहीत होतं?"

"यायले माहीत होतं." यायले म्हणजे काकांना. "दिवाळीपासून तेच कुस्करून देत होते. तुमच्याकडे आणतो म्हणे कापूस झाल्यावर. मग तेच राह्यले नाही."

"खिरीत किसमिस होती?"

"नाही जी. भुऱ्यापायी ते टाकूच देत नव्हते."

डॉक्टरांनी पुढे विचारलं, "खीर तेव्हाच कशी आली बाहेर? मोठा बोअरचं बोलत होता तेव्हा काहून नाही आली?"

काकीनं चहात साखर टाकली. चमचा फिरवला. "तेव्हा गरम होती," ती म्हणाली. "पोळलं नसतं का त्याले."

मला हसू आलं आणि मी ते गिळलं, कारण डॉक्टर हसत नव्हते. त्यांचा आवाज कडक झाला. "त्याले दुखत होतं. हे तुम्हाले ठाऊक होतं. दातासाठी आणाले पाहिजे होतं, ते तुम्ही आणलं नाही. दाढेचं कळलं तर गोष्ट उघडी पडते म्हणून."

"हो," काकी म्हणाली.

"हे चुकलं."

"चुकलं." तिचे डोळे भरले, पण तिनं पुसले नाहीत. "मी पुण्याले चौथ्या मजल्यावर काय करू जी? दोनदा राहून आली. सकाळी सारे जातात, मी खिडकीत. इथं मले कोणी विचारते, मी कोणाले विचारते. पोराले सांगाले गेली तर म्हणते, आई, तुला सवय होईल." मग तिनं सरळ डॉक्टरांकडे पाहिलं. "तुम्ही खोटं नाही बोलत म्हणतात. तर सांगा त्यायले. मी नाही म्हणत नाही."

"विचारलं तर सांगीन," डॉक्टर म्हणाले आणि चहा तसाच ठेवून बाहेर गेले.

मी मागे गेले. ओसरीवर मोठा वाट पाहत होता. त्यानं विचारलं, आणि अगदी नेमकं विचारलं. "डॉक्टर, एक सांगा. हा दुःखानं नव्हता ना उपाशी?"

"दुःखाची तपासणी माझ्यापाशी नाही," डॉक्टर म्हणाले. "दाढेचं सांगतो. रक्त तपासून, भूल देऊन काढावी लागेन. उद्या पुसदले आणा. त्यानंतर मऊ खाणं, हातानं कुस्करलेलं, जन्मभर. म्हातारं कुत्रं आहे. जागा बदलायची नाही. नव्या घरी अशा कुत्र्याले रस्ता सापडत नाही, ते रात्रभर फिरते, खाणं सोडते. अन्‌ खाऊ घालणारा हात बदलायचा नाही. त्याची दोन माणसं होती, एक गेलं."

"म्हणजे आईनं इथंच राहायचं?"

"आईचं मले काय माहीत. मी जनावराचा डॉक्टर."

मोठा मग थोडा चिडूनच म्हणाला, "कुत्र्यासाठी माणसानं अडकून पडायचं का, डॉक्टर? तिचा विचार कोण करणार?"

डॉक्टर चपला घालत होते. एक घातली, दुसरी हातात राहिली. "माझा पेशंट बोलत नाही बापा. म्हणून मले त्याची शी पाहावी लागते. तुमची माय तर बोलते ना?"

मोठा उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. त्याचं पुण्याचं मराठी तिथेच गळून पडलं.

"माय, तुले यायचं नाही का?"

"नाही बाबू," काकी म्हणाली. "नाही येत मी."

एवढंच. त्यानं दाराच्या चौकटीला हात लावला, जसा लहानपणी मार खाल्ल्यावर लावायचा. शेवटी म्हणाला, "बरं. भुऱ्या आहे तोवर राहा. मग पाहू." आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाला, "बीपीची गोळी हिच्याकडून नेत जा. चुकवू नको."

हिच्याकडून म्हणजे माझ्याकडून. मी मान हलवली.

डॉक्टर स्कूटरवर बसलेही होते. मला चढायला वेळ दिला नाही इतकी घाई. गावाबाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही काकीचं सांगितलं नाही."

"त्यानं विचारलं नाही."

"विचारलं असतं तर?"

"सांगितलं असतं," ते म्हणाले. "म्हणून तर निघालो लवकर."

दाढ निघाली. भुऱ्या त्यानंतर दोन उन्हाळे जगला, चांगला जगला. काकी महिन्याला गोळ्या न्यायला यायची तेव्हा भिंतीपलीकडून प्रश्न यायचा, "शी कशी आहे?" आणि काकी माझ्या काउंटरवरूनच, गिऱ्हाईक उभं असताना, मोठ्यानं उत्तर द्यायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, काकीचीच विचारतात.

मग एक दिवस ती गोळ्यांची वेळ नसताना आली. एसटीतून उतरून सरळ दवाखान्यात गेली. मी भिंतीशी थांबले.

"भुऱ्या गेला जी. काल वावरात पुरला, यायच्या आवडीच्या बोरीखाली."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुतेक तिला बसायला दिली.

"मोठ्याचा फोन आलता सकाळी," काकी म्हणाली. "खोली रंगवली म्हणते."

"मग?"

"मग तुमच्याकडे आली. तुमच्याकडे लोक सोडून जातात ना कुत्रे, बदली झाली की?"

"जातात. आहेत दोन पिल्लं. आणू?"

"पिल्लू नका देऊ. पिल्लू कुठंही रमते." काकीच्या बांगड्या वाजल्या, पिशवी सावरली असावी. "म्हातारं पाहा एखादं. ज्याले हलवता येत नाही असं."

मग डॉक्टर म्हणाले, "म्हातारं फार दिवस राहत नाही, बाई."

"न राहो," काकी म्हणाली. "मी पुन्हा येईन."